फेर्नांदच्या लग्नाचं पीप

फेर्नांद कास्तेरा जन्मली त्या साली तिच्या बापानं नव्या आर्मान्याक ब्रँडीचं एक पीप भरलं, बुचावर मेण ओतलं आणि सांगून ठेवलं, "हे पोरीच्या लग्नाला फोडायचं. त्याआधी कुणी हात लावला तर हात झडंल त्याचा." फ्रान्समधल्या आमच्या गास्कोनीत लेकीच्या नावानं ब्रँडी ठेवणारे बाप पुष्कळ. पण लग्नच नको म्हणणारी लेक आमच्या गावात एकट्या कास्तेराच्या वाट्याला आली.

मागणी घालणारे आले नाहीत असं नाही. एकानं तिच्या हातचं सूप चाखून वर मीठ मागितलं; त्याला तिनं ताटावरनं उठवला. दुसरा बरा होता, पण त्याची आई बरी नव्हती. "ह्याच्यापायी बूच काढू होय? अंहं!" असं करता करता बाई साठीपार गेली. बाप गेला. द्राक्षमळा राहिला, बदकं राहिली आणि कोठीच्या कोपऱ्यात काळं पडलेलं ते पीप राहिलं.

हल्ली ती घरातली वरची खोली शहरातल्या लोकांना देते. दोन दिवस राहतात, बदक खातात, ब्रँडी चाखतात आणि जाताना गाडीचा पट्टा पोटाला पुरत नाही म्हणून कुरकुरतात.

गेल्या नोव्हेंबरात नांतहून ओदिल आली. आयुष्यभर ट्राम चालवलेली, मोठ्या आवाजाची बाई. सोबत तिसरा नवरा. दुपारी जेवायला बदकाची तंगडी घातलेलं कोबी-घेवड्याचं दाट सूप. तळाशी घोटभर उरलं की त्यात लाल वाइन ओतायची आणि ताटच तोंडाला लावायचं, ही इथली रीत. ओदिलनं एकदा इकडं तिकडं बघितलं आणि असा भुरका मारला की फेर्नांदला ती तिथंच आवडली. मधेच, पोटात जागा व्हावी म्हणून, कच्च्या ब्रँडीचा एकेक पेला फिरला. नवऱ्यानं एकाचे तीन केले आणि चुलीपाशी खुर्चीत घोरू लागला.

"ऱ्हाऊ द्या त्याला," ओदिल म्हणाली. "पहिले दोघं जागे असायचे, तेवढाच त्रास व्हता."

मग दोघी कोठीत गेल्या. तिथं सेव्हेरँ होता. चाकावरची भट्टी घेऊन गावोगाव ब्रँडी गाळत फिरणारा हा माणूस. फेर्नांदचं गाळप काल संपलं होतं, पण तिच्या हातचं जेवण संपलं नव्हतं, म्हणून तो रेंगाळला होता. त्यानं काचेच्या नळीनं एकेका पिपातली ब्रँडी काढून दिली, दोन थेंब तळहातावर चोळून हुंगायला शिकवलं.

"माझ्या जन्मसालची हाय का?" ओदिलनं विचारलं आणि साल सांगितलं.

सेव्हेरँनं फेर्नांदकडं बघितलं. तेच साल फेर्नांदचं.

"हाय," फेर्नांद म्हणाली, "पण ती लग्नाची हाय. फोडायची न्हाई."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"अगं बाई! माझी तीन लगनं झाली. त्यातलं एक घे तुझ्या नावावर आन् फोड!"

सेव्हेरँ हसला नाही. त्यानं पिपावर बोटाची पेरं आपटली. वरपासून जवळजवळ तळापर्यंत पोकळ आवाज.

"फेर्नांद, चाळीस-पन्नास वर्सांनी ब्रँडी लाकडातनं काचेत घालायची असती. पोरासोरांना म्हाईत हाय. तुला न्हाई?"

"म्हाईत हाय. बूच काढल्याबिगर कशी घालू? बा म्हणला व्हता..."

"बा मेला. देवदूत मातूर दर साली येऊन लाकडातनं उडालेली पिऊन जात्यात. जे ऱ्हायलंय त्याला आता लाकूड खातंय. कदाचित खाऊनबी झालं असंल."

फेर्नांदचा चेहरा उतरला. गावभर मिरवलेलं पीप, आणि आत नुसतं लाकडाचं कडू पाणी असलं तर? तिनं हातोडी घेतली आणि मेणावर घातली.

नेमकी तेव्हाच पाववाली लेओंतीन दारात पाव घेऊन उभी. तिनं फुटलेलं मेण पाहिलं, पाव उंबऱ्यावर टाकला आणि सायकल फिरवून गावाकडं सुटली.

इकडं सेव्हेरँनं नळी खोल घातली. आलं ते कॉफीसारखं काळं. फेर्नांदनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दार चाटल्यागत लागतंय."

"थांब की." त्यानं पेल्यात पाण्याचे चार थेंब सोडले, पेला मुठीत धरून ऊब दिली. बराच वेळ. "आता घे."

तिनं हुंगलं. सुकवलेलं आलुबुखार, अक्रोड, मग जुन्या पेटाऱ्यातली संत्र्याची साल. दुसरा घोट जिभेला टोचला नाही. घशातनं सावकाश उतरला आणि छातीत जाऊन बसला.

"जित्ती हाय," ती पुटपुटली. मग ओरडली, "आरं, जित्ती हाय! काचेच्या बुधल्या आणा, आत्ताच्या आत्ता!"

विश्रांतीला आलेली ओदिल बाह्या सारून नरसाळं धरून उभी राहिली. पीपभर ब्रँडीच्या जेमतेम सहा बुधल्या निघाल्या.

दिवस कलायला लागला तशी अंगणात माणसं जमली. लग्न लावणारा मेयर कोट चढवून, लेओंतीन सफरचंदाचा भलाथोरला पापुद्र्याचा केक घेऊन. फेर्नांदचं बूच निघालं म्हणजे लग्न ठरलं, यात कुणाला शंका नव्हती. दारातनं आत चुलीपाशी एक अनोळखी पुरुष डोळे चोळत उठलेला दिसला. मेयरनं आत जाऊन त्याला कवटाळून उचललं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

"नशीब काढलंस, लेका! आता जपून ऱ्हा!"

"कुणापासून?" तो घाबरून म्हणाला.

"ओ मेयर, त्यो माझा हाय, खाली ठेवा!" ओदिल कोठीच्या खिडकीतनं ओरडली.

"मग नवरा कोन गं?" लेओंतीननं विचारलं.

फेर्नांद पहिली बुधली काखेत मारून दारात आली.

"नवरा न्हाई. ब्रँडी हाय. केक ठेव तिकडं, आन् ज्याला प्यायचीय त्यानं आधी कपाटातनं पेलं काढा."

कपाटाकडं पहिला धावला तो मेयर.