अण्णांच्या अँप्लिफायरमधला चोर

चार माणसं आणि एक अँप्लिफायर एका खोलीत बसवा, किस्से आपोआप साचत जातात. कारण प्रत्येकाची खात्री असते की आपले कान खरे आणि बाकीचे तिघं थापा मारतायत! आमची बैठक दर रविवारी मंगळवार पेठेत, अण्णांच्या माडीवर. अण्णा आमचे गुरू, आयटीआयमध्ये शिकवून रिटायर झालेले. अँप्लिफायर त्यांनी स्वतः बनवलेला. बाकी आम्ही तिघं: वायरिंगची कामं घेणारा बबन, शाळेत गाणं शिकवणारे सुतार सर आणि मी, विम्याचे क्लेम तपासणारा. म्हणजे संशय घेणं हा माझा धंदाच.

भांडण कायम रेझिस्टरवरून. गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा, अंगावर रंगीत पट्टे, काम एवढंच की विजेला थोडं अडवायचं. पण कार्बनचा लावला की आवाज उबदार आणि मेटल फिल्मचा लावला की स्वच्छ, असं आमच्यात मानतात. मी नाही मानत. पण मला विचारतंय कोण?

*

बबनला कुठल्यातरी व्हिडिओनं शिकवलं की रेझिस्टरच्या पायात लोखंड असलं की आवाज मरतो. तेव्हापासून गडी खिशात लोहचुंबक घेऊन हिंडतो. एकदा शाहूपुरीतल्या दुकानात गेलतो, तर हा काउंटरवर उभा राहून पुडीतला एकेक रेझिस्टर चुंबकाला लावून बघतोय. मागं गिऱ्हाईकं खोळंबलेली.

शेवटी दुकानदार म्हणाला, "पावणं, आमच्या घरातली कढई बी चिकटतीया चुंबकाला. रस्सा काय बिघडत न्हाय."

बबननं तरी पुडी परत केलीच.

*

सुतार सरांनी पुण्याहून इंपोर्टेड रेझिस्टर मागवला. अण्णांनी तो तिथल्या तिथं बसवला आणि रेकॉर्ड लावली. सरांचे डोळे भरून आले. तानपुरा खोलीभर पसरला म्हणाले, बाई समोर बसून गातायत म्हणाले. बबननंही मान डोलावली.

मला शंका आली. नेमका कुठं बसवलाय, म्हणून विचारलं.

"समोरच्या चालू-बंदच्या लाल दिव्याला," अण्णा म्हणाले.

सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. अण्णांशी बोलत होते!

*

मग यंदा गणपती झाले आणि अण्णांचंच बिनसलं. लावणीच्या रेकॉर्डमधली घुंगरं ऐकू येत नाहीत म्हणाले. आपला चांगला रेझिस्टर काढून कुणीतरी भंगार माल बसवलाय, असं त्यांच्या डोक्यात बसलं. संशय आम्हा तिघांवर, कारण चौथं कुणी माडीवर येतच नाही. त्यांनी झाकण उघडलं आणि बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका प्रत्येक रेझिस्टरच्या पायावर दिला. कुणी रेझिस्टर काढायला गेलं की ठिपका तुटणार.

पुढच्या रविवारी ठिपके सगळे जागेवर, घुंगरं गायबच! आम्हाला तर ती लख्ख ऐकू येत होती. तसं सांगितलं, तर म्हणाले, चोर असंच बोलणार.

जिना उतरल्यावर वहिनींनी आम्हाला थांबवलं. "कुकरची शिट्टी बी ऐकू येत न्हाय त्यांना. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ताटावरनं उठतात."

फार वाईट वाटलं. नुसता आवाज ऐकून कुठला पार्ट गेलाय ते सांगणारा माणूस हो!

त्यात अण्णांनी जाहीर केलं की खंडेनवमीपर्यंत चोरानं कबुली दिली नाही, तर शेवटची पूजा करून अँप्लिफायर कायमचा झाकून ठेवायचा. बैठक बंद. झाकायला खोळसुद्धा शिवून आणली.

*

आता, घुंगरांसारखे बारीक, वरचे सूर वाढवायचे तर एका ठरावीक रेझिस्टरचा अडथळा कमी करायचा असतो, एवढं मला अण्णांनीच शिकवलेलं. बोर्डाच्या खालच्या अंगानं त्याला दुसरा जोडला की काम होतं, आणि वरचा ठिपका शाबूत राहतो. अण्णा रंकाळ्यावर फिरायला गेलेले बघून मी त्यांचं घर गाठलं. वहिनींनी दार उघडून थेट माडीवर पाठवलं. सोल्डरिंग गन आधीच तापवून ठेवलेली! मला तिथंच संशय यायला हवा होता.

बोर्ड उलटा केला तर खाली एक जोडलेलाच. सोल्डरचा गोळा बघूनच ओळखलं, बबन. त्याचा गोळा कायम पेढ्याएवढा. पण बबनच्या अंदाजावर विश्वास कोण ठेवणार? मी माझाही जोडला आणि गुपचूप घरी आलो.

माझ्यानंतर सुतार सर येऊन गेले, हे मला खंडेनवमीला कळलं.

*

त्या दिवशी अँप्लिफायरला हळदकुंकू, झेंडूचा हार, शेजारी खोळ घडी घालून ठेवलेली. अण्णांनी पूजा केली आणि लावणीची रेकॉर्ड चढवली.

अरे देवा! घुंगरं कसली, बरण्या जिन्यावरून गडगडत आल्यासारखा आवाज. सरांनी दात आवळले. बबननं माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं, आणि तिघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. पण हलणार कोण? अण्णा डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले होते. गालावरनं पाणी वाहत होतं.

बाजू संपली. "घुंगरू हाय," एवढंच ते म्हणाले.

वहिनींनी खोळीची घडी मोडून ती खाली अंथरली आणि तिच्यावर प्रसादाचं ताट ठेवलं. अण्णांनी पूजेतली अत्तराची बाटली उघडली. दरवर्षी ते एक छोटासा फाया करून आमच्या कानाच्या वरच्या घडीत खोचतात. यंदा त्यांनी कापसाचे चांगले मोठे बोळे केले आणि प्रत्येकाच्या तळहातावर दोन-दोन ठेवले.

"दोन्ही कानांत घाला," अण्णा म्हणाले. "पार आतपर्यंत. अजून दुसरी बाजू वाजवायची हाय."