हेडमास्तरांचा साचा

आमच्या मामांना अख्खं गाव कवळीमामा म्हणतं. मामा चेहरा विसरतील, पण तोंड विसरणार नाहीत. एकदा भर रस्त्यात एका बाईंना, "तुमच्या उजव्या हिरडीला खड्डा आहे ना?" असं विचारून मार खाता खाता वाचले होते.

दुसरी खोड साचे न टाकण्याची. कवळी तयार झाली की हिरडीचा प्लास्टरचा साचा फेकून द्यायचा असतो. मामांनी तीनशेच्या वर साचे फळ्यांवर मांडून ठेवलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं नाव. दुकानात प्लास्टर कालवणारी मामी म्हणायची, "एवढी तोंडं घरात, पण माझ्याशी एक बोलेल तर शपथ."

आपापसातली लढाई थांबून दोन वर्षं झाली होती. शेजारी शेजाऱ्याकडे पुन्हा वाटीभर साखर मागू लागला होता, फक्त दार अर्धंच उघडायचं. हेडमास्तर लढाईत पलीकडच्यांना जाऊन मिळाले, असं साहेबांनी भर सभेत सांगितलं होतं. साहेब तेव्हा इथल्या बंदूकवाल्यांचे म्होरके, आता निवडणुकीचे उमेदवार. तेव्हापासून हेडमास्तरांच्या बायकोशी नळावर कुणी बोलत नव्हतं. आमची मामीसुद्धा नाही.

सोमवारी दुपारी लढाईत बेपत्ता झालेल्यांच्या चौकशी आयोगाच्या बाई दुकानात आल्या. डबीतून एक वरची कवळी काढली, बंद पडलेल्या खाणीत हाडांसोबत सापडलेली.

"हे काम तुमचं का?"

मामांनी ती उलटी केली. टाळूच्या जागी शेंगदाणा मावेल एवढा खळगा. असा खळगा त्यांनी जन्मात एकदाच केला होता, कारण टाळूवर तसा उंचवटा असलेलं तोंड त्यांनी एकच पाहिलं होतं. हेडमास्तर कुणालाही जाऊन मिळाले नव्हते. ते खाणीत होते.

मामा तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर बाकाकडे गेली. तिथे साहेबांचा ड्रायव्हर पेपर वाचत बसला होता. साहेबांची नवी कवळी कुठवर आली, ते विचारायला आलेला. बाई आल्यापासून त्यानं पान उलटलं नव्हतं.

"अशी कुणीही करतं," मामा म्हणाले.

"आठवलं तर या. शुक्रवारपर्यंत विश्रामगृहात आहे मी."

मामा तोंड धुवायला मागे गेले. प्लास्टर कालवता कालवता मामीनंही तो खळगा पाहिला होता.

मंगळवारी सकाळी साहेब जातीनं हजर. त्यांची जुनी कवळी ढिली झाली होती, बोलताना टकटक वाजायची. एरवी मामांना हसू आवरलं नसतं.

"मामा, लोकांची तोंडं जपून ठेवता म्हणे."

"सवय आहे, साहेब."

"वाईट सवय. फोडा. मी बसतो इथे."

ड्रायव्हर एकेक साचा उचलायचा, बुडाचं नाव मोठ्यानं वाचायचा आणि मामांपुढे ठेवायचा. मामा हातोडी मारायचे. वाणी गेला, शिंपीण गेली, दोन्ही वकील गेले. पांढऱ्या धुरळ्यानं सगळ्यांच्या भुवया म्हाताऱ्या झाल्या.

"हेडमास्तर," ड्रायव्हरनं वाचलं.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. मामांनी साचा हातात घेतला, अंगठा टाळूवरून फिरला आणि थांबला. टाळू सपाट होती. मामांनी मामीकडे पाहिलं. ती खाली मान घालून प्लास्टर चाळत होती.

मामांनी असा घाव घातला की तुकडे साहेबांच्या मांडीवर उडाले.

टेबलावर शेवटचा साचा उरला. ड्रायव्हरनं तो उलटा करून नाव वाचलं आणि साहेबांकडे पाहिलं.

"माझा राहू दे," साहेब उठत म्हणाले. "शनिवारी सभा आहे. दात लागतील."

माणसाला स्वतःचं तोंड आतून ओळखू येत नाही, हे मामीला बरोबर माहीत होतं.

गाडी गेल्यावर मामा मामीकडे वळले. "अगं, नावं बदलून काय करून बसलीस? त्यांचा खरा साचा फोडला मी. आता कवळी कशावर करू? शनिवारी ते मला विचारतील."

"म्हणून तर केलं. नाहीतर तुम्ही गेला असता होय त्या बाईंकडे?"

मामांना मामीचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. हे मामी स्वतःच सांगते, जरा तोऱ्यातच.

बुधवारी दुपारी साचा भाजीच्या पिशवीत, वर मेथीची जुडी. विश्रामगृहाचा रस्ता दहा मिनिटांचा. मामी बरोबर होती.

बाईंनी डबी उघडली. मामांनी कवळी साच्यावर टेकवली आणि हलकेच दाबली. ती जागच्या जागी बसली.

"कोणाचा साचा हा?"

"हेडमास्तरांचा. त्यांच्या बायकोला आधी कळवा, बाई. मग मी सही करतो."

बाईंनी शिपायाला तिकडे धाडलं. मामांनी सही केली, मामीनं कागद धरला.

बाहेर आले तेव्हा फाटकाशी साहेबांची गाडी उभी होती. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून धरलं होतं.

"भाजी आणायला विश्रामगृहात, मामा? चला, सोडतो घरी," तो म्हणाला.

मामांनी मामीचा हात धरला. उभ्या गावात, भर दुपारी, लग्नानंतर पहिल्यांदाच. मग दोघं मागे वळले आणि पुन्हा आत गेले.