रीसलिंगचा वास

आमचे हे इंजिनिअर झाले तेव्हा परदेशातल्या दोन-तीन नोकऱ्या समोर होत्या. ह्यांनी कुवेत निवडलं, कारण इथे दारूबंदी. माझे सासरे दारूपायी गेले, त्यामुळे ह्यांना या देशात पहिल्या दिवसापासून हायसं वाटलं. आणि इथेच, अहमदीतल्या रिफायनरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली आमची एकुलती एक लेक जर्मनीला गेली ती वाईन बनवायला शिकायला. आहे की नाही नशिबाची चेष्टा?

मला मात्र गंमत वाटायची. माझं माहेर निफाडचं, द्राक्षबागायतदारांचं. आमच्याकडे ऑक्टोबरात छाटणी, तर तिच्या मोझेल नदीकाठी तोडणी. रीसलिंग नावाचं पांढरं द्राक्ष, उभ्या चढावरचे मळे, वेलींच्या बुडाशी पाटीच्या दगडाच्या कपच्या. त्या दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात. थंडीमुळे फळ सावकाश पिकतं, गोडी भरली तरी आंबटपणा टिकतो. आमच्या निफाडच्या उन्हात गोडी आली की आंबटपणा पळालाच म्हणून समजा. फोनवर आम्ही मायलेकी यावर तासन्‌तास बोलायचो. हे शेजारी बसून पेपर वाचायचे.

डिसेंबरात ती सुट्टीवर आली. शुक्रवारी दुपारी ह्यांचे खैतान भागात राहणारे एक मित्र आणि वहिनी जेवायला होते. वहिनींनी सहज विचारलं, "तिथे नक्की काय करतेस गं?" तिने तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "फूड टेक्नॉलॉजी." हातातला पुरीचा तुकडा तिने तसाच ताटात ठेवला, आणि मग पाहुणे असेपर्यंत ती विचारल्यापुरतं बोलली.

पाहुणे गेले आणि माझा पारा चढला. "पोरीने काय चोरी केलीय, असं लपवायला?"

लेकच पुढे सरकून बसली. "बाबा, एक सांगू? जुन्या रीसलिंगच्या वाईनला पेट्रोलचा वास येतो. रिअली. पहिल्यांदा ग्लास नाकाशी नेला आणि मला तुमचा ड्यूटीवरून आल्यावरचा शर्ट आठवला. सगळ्यांसमोर रडले मी."

रिफायनरीत जन्म घालवलेल्या माणसाला राहवलं नाही. "कुठला हायड्रोकार्बन?" तिने टिशूवर रेणू काढून दाखवला. द्राक्षाला ऊन जास्त लागलं की हा वास लवकर येतो आणि जोरात येतो, म्हणून थंड मुलूख बरा, असं तिने समजावलं.

"म्हणजे कुवेतमध्ये लावलीत तर सरळ गाडीच्या टाकीतच भरा," हे म्हणाले.

दोघं हसली. हसता हसता तिने विचारलं, "बाबा, आजोबा काय प्यायचे?"

इतक्या वर्षांच्या संसारात मी हे कधी विचारलं नव्हतं.

"मिळेल ते," हे म्हणाले. "रात्री आले की आई मला खिडकीच्या गजांशी उभं करायची. तोंडाचा वास घे आणि सांग म्हणायची. मी 'नाही' म्हटलं तरच कडी काढायची." मग म्हणाले, "मी नाहीच म्हणायचो. बाहेर थंडी असायची."

पोरीने ह्यांचा हात धरला. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

"ऑक्टोबरात येतो तुझ्याकडे," तिचा हात न सोडता हे म्हणाले. "पिणार नाही हं. नुसता वास घेईन."

"चालेल की. कामावर आम्हीपण पीत नाही, बाबा. तोंडात घोळवून थुंकतो."

"थुंकता? एवढं मरमर करून?"

ह्यांना ते काही पटलं नाही. मान हलवत त्यांनी मोबाईल उचलला आणि त्या खैतानच्या मित्रांना फोन लावला. "अरे, मघाशी मी चुकीचं सांगितलं. आमची मुलगी वाईन बनवते." पलीकडून मित्र काहीतरी बोलले. हे लेकीकडे बघत होते.

"हो," हे म्हणाले, "दारूच."