धाकटीची फुलिया

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही.

मी बोरीजवळच्या बंजारा तांड्यावरचा. आमच्यात पदवीपर्यंत गेलेला पहिलाच. ज्यांनी मला शिकवलं त्यांचे उपकार विसरलेलो नाही. पण शाळेत मास्तर झालो आणि तांड्याचं नाव टाळू लागलो. कुणी घरचं विचारलं की म्हणायचो, 'जिंतूरकडचा.' हे खोटं होतं का? तेव्हा वाटायचं, नाही.

निजामी जाऊन नवं सरकार आलं त्या वर्षांत एक साहेब शाळेत आले. जुनं भरतकाम पाहायचं होतं त्यांना. हेडमास्तरांच्या सांगण्यावरून मी तांड्यावर निरोप धाडला. वाटलं, कुणाच्या तरी हाती वस्तू येईल. आली ती याडी – माझी आई. फेटियाचा घेरदार घागरा, आरशांची कांचळी चोळी, हातभर बांगड्या – सणासारखी नटून. हातात फुलिया. घागरीखालची चुंबळ, तिला मागे पाठीवर रुळणारं कवड्यांचं भरतकाम. आमच्यात लेक सासरी निघाली की आई स्वतः भरलेली फुलिया तिच्या डोक्यावर ठेवते. ही धाकटीसाठी, माझ्या बहिणीसाठी होती.

"आत येऊ का रं?"

"नको. लिंबाखाली बस."

"बसते. पर सायबाला म्हनावं, डोईवर ठिवून बघा!" ती हसली.

साहेबांनी फुलिया खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून पाहिली. म्हणाले, "हे करणाऱ्या बाईंना बोलवा. मुलींना शिकवायला इथेच नेमू."

खिडकीतून लिंब दिसत होता. शेजारी हेडमास्तर होते. आणि मी – मी म्हणालो, "ती वारली, साहेब."

साहेब दोन्ही हातांनी फुलिया माझ्याकडे देत म्हणाले, "मग ही आम्ही नेणं बरं नाही. घरच्यांना जपायला सांगा."

मी ती लिंबाखाली नेऊन दिली.

"माघारी दिली? न्हाई आवडली व्हय?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. एवढंच.

पुढे धाकटीचं लग्न झालं. तिनं निघताना विचारलं, "याडी, माझी फुलिया?"

"शिकलेल्या मान्सांत हसं हुतंय बाई त्याचं," म्हणत याडीनं बाजारातल्या पंच्याची चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवली. मी शेजारीच उभा होतो. बोलता आलं नसतं का? आलं असतं. नंतर तांड्यातल्या इतर आयाही पंचाच देऊ लागल्या.

याडी अजून आहे. सुई धरत नाही. मी तिला मेलेली म्हणालो, हे तिला माहीत नाही. आणि साहेबांनी फुलिया दोन्ही हातांनी परत दिली होती – तेही नाही.