तेरडा आणि दुसरी शिफ्ट

आमच्या वर्गातली मुलं कुजबुजायला लागली की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेतात. निजामपुऱ्यात भिंतीपलीकडे कापड विणायचे लूम चालू असतात, त्यामुळे इथलं मूल बोलायला शिकतं तेच ओरडून. मी इथे विज्ञान शिकवते, आणि आता मीसुद्धा घरी मीठ मागताना ओरडते. अशी ही वरात घेऊन मी मानकोलीच्या अलीकडच्या एका गावातल्या तळ्यावर गेले, तर आम्ही रिक्षांतून उतरायच्या आतच तळ्यावरचे सगळे बगळे उडाले. त्या दिवशीचं आमचं पक्षीनिरीक्षण एवढंच.

तळं म्हणायचं ते गाव म्हणतं म्हणून. पाणी कुठे दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी, तिच्यावर जांभळी फुलं, तीन बाजूंना गोडाऊन आणि चौथ्या बाजूला एक जुना बांध. मालक एक आगरी आजोबा. त्यांची शेतं केव्हाच गोडाऊनखाली गेली होती, एवढं तळं उरलं होतं, आणि त्यातही भराव टाकून ट्रक उभे करायला मैदान करायचं त्यांनी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. डंपरवाल्याशी बोलणं झालं होतं.

आम्ही तळं साफ करतो, तुम्ही भराव टाकू नका, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी आधी माझ्या सँडलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाय, तुमची शहराची हौस म्हंजे तेरड्याचा रंग तीन दिवस," ते म्हणाले.

पण पुढे तेच बोलत राहिले. त्यांची आई याच तळ्याच्या पायऱ्यांवरून गौर विसर्जन करायची. आता कित्येक वर्षं गौरी टेम्पोत बसून कशेळीच्या खाडीवर जातात आणि कंटेनरच्या रांगेत तासन्‌तास अडकतात. बोलता बोलता त्यांनी अट घातली. यंदा गौरी घेऊन पायऱ्यांवरून पाण्यात उतरता आलं तर तळं राहील. नाही तर गौरी गेल्या की भराव.

मला रात्री झोप लागेना, आनंदाने म्हणा नाहीतर धास्तीने. हातात फक्त पावसाळ्यातले काही शनिवार-रविवार होते आणि आठवीचा एक वर्ग. मग गोडाऊनमध्ये माल चढवणारे काही तरुण सुट्टीच्या दिवशी मदतीला आले. त्यांनी खोकी बांधायचे जाड पट्टे आणले. पट्टा जलपर्णीखालून घालायचा आणि सगळ्यांनी मिळून ओढायचं. तो हिरवा गालिचा सळसळत काठावर आला की मुलं असा गलका करत की पलीकडच्या गोडाऊनचा वॉचमन काय झालं बघायला बाहेर येई.

मी गटांना पक्ष्यांची नावं दिली होती. ती कुणी घेतली नाहीत. मुलांनी आपली आपण वाटणी केली, पहिली शिफ्ट आणि दुसरी शिफ्ट. वर्गाची मॉनिटर, जिच्या घरी आजोबांपासून सगळे लूमवर, ती मुकादम झाली. तिचा नियम एकच, लूम बंद पाडून शिफ्ट बदलायची नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याला एका ओळीत काम सांगायचं आणि निघायचं. मला या शिस्तीचं इतकं कौतुक की मी मुख्याध्यापिकाबाईंना दोनदा ऐकवलं.

काय ते दिवस होते! कुणाच्या चपलेत खेकडा, कुणाच्या डब्यात बेडूक, आणि चिखल तर सगळ्यांच्या कानापर्यंत. पुस्तकातली अन्नसाखळी एकदा आमच्यासमोरच पूर्ण झाली, कारण खंड्याने मासा उचलला तो थेट मुकादमबाईंच्या डोक्यावरून. आणि एका रविवारी जलपर्णीच्या मधोमध टेबलाएवढं पाणी उघडं पडलं. त्यात आभाळ दिसत होतं. त्या वर्गाला मी पहिल्यांदाच गप्प झालेलं बघितलं. माझे डोळे भरून आले, ते मी चिखल उडाल्याच्या नावावर खपवलं.

गौरी यायच्या आदल्या दिवशी रविवार होता. पायऱ्यांसमोरचा जलपर्णीचा शेवटचा पट्टा तेवढा राहिला होता. सकाळी पहिल्या शिफ्टला मी नीट समजावलं, जलपर्णीचा देठ फुगीर असतो, तो पाण्यावर तरंगतो, तुकडा राहिला तर पुन्हा वाढते, म्हणून मुळासकट काढायची. दुपारी आजींनी, म्हणजे आजोबांच्या बायकोने, मला चहाला बोलावलं. चहा पिताना त्यांनी सहज सांगितलं की आमची गौर म्हणजे तेरडा. आधी शेताच्या बांधाबांधावर मिळायचा, आता सगळ्या गावाला मिळून तळ्याचा बांध तेवढा उरलाय. संध्याकाळी बायका न्यायला येतील.

मी परत आले तर बांध बोडका.

मुकादमबाई धावत आल्या. "टीचर, काम खतम. जांभळं फूल एक भी नाही ठेवलं."

झालं होतं असं, की शिफ्ट बदलताना पहिलीने दुसरीला एका ओळीत सांगितलं, जांभळं फूल दिसलं की मुळासकट उपट. दुसऱ्या शिफ्टने राहिलेली जलपर्णी बघता बघता संपवली आणि आणखी काम कुठे आहे म्हणून मान वर केली. समोर बांधावर तेरडा फुललेला. जांभळा. दिसला की उपटला. त्यात तेरड्याच्या बोंडाला बोट लागलं की ते टपकन फुटून बिया उडवतं, हे पोरांना कळलं. मग काय, माकडाच्या हाती कोलीत. अख्ख्या बांधावर टपटप चालली होती आणि माझे विद्यार्थी हसून लोळत होते.

तळं मोकळं झालं होतं, पायऱ्या शेवटपर्यंत दिसत होत्या, पण गावाची गौरच आम्ही उपटून टाकली होती. आता डंपर उद्याच आले तरी कोणत्या तोंडाने अडवणार?

तेवढ्यात मागून आजी आल्या, त्यांच्यामागे परड्या घेतलेल्या बायका आणि सगळ्यात शेवटी आजोबा. मी माफी मागायला पुढे झाले. आजींचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या बघत होत्या तिकडे, पायऱ्यांच्या कडेला, पाण्यात मुळं बुडवून, तेरड्याच्या जुड्या ओळीने उभ्या होत्या. लूमवाल्यांची मुलं ती. सुटा माल त्यांना बघवत नाही, आणि बांधलेला माल सुकून खराब झालेलाही बघवत नाही. खिशात सूत होतंच.

आजींनी वाकून एक जुडी उचलली आणि उलटी करून मुळं बघितली.

"पावलां शाबूत हाईत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच आम्हाला सांगितलं. गौरीचा तेरडा मुळासकट आणायचा असतो. मुळं म्हणजे गौरीची पावलं. दरवर्षी अंधार पडायच्या आत घाईघाईने उपटताना ती तुटतात आणि जिवाला रुखरुख लागते. यंदा घरटी एक जुडी, धुतलेली, पावलांसकट, आयती. बायकांनी दुसऱ्या शिफ्टच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. पहिली शिफ्ट रुसून बसली, काम तर आम्हीच सांगितलं होतं म्हणे. मी हसत सुटले ते पोटात दुखेपर्यंत.

विसर्जनाला अख्खा वर्ग गणवेशात हजर होता. आजोबांनी गौर डोक्यावर घेतली, एकेक पायरी चाचपत उतरले आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी ती सोडली. तोवर तेरडा पार कोमेजला होता. वर येऊन ते माझ्यासमोर थांबले. डोळे ओले होते आणि ते लपवत नव्हते.

"रंग गेला, बाय. पानी हाय."

आणि तिथेच ओल्या धोतराने त्यांनी डंपरवाल्याला फोन लावला.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. यंदा पावसाळ्यात त्यांचा मला फोन आला. पोरांनी फोडलेल्या बोंडांतल्या बिया सगळीकडे रुजल्या होत्या. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत तेरड्याने भरला होता, शेजारच्या गावाच्या बायकाही विचारून गेल्या होत्या. गौरीच्या आदल्या दिवशी मुलांना घेऊन या, असं ते म्हणाले. कोणत्या शिफ्टला आणू, असं मी मुद्दाम विचारलं.

"दोनी आना," आजोबा म्हणाले. "पन उपटाला दुसरीच पायजे. पयलीला सांगा, पाव्हनी म्हनून ये."