चहाच्या दहा मिनिटांचा इतिहास

चादरीचं एक टोक काकूंच्या हातात होतं, दुसरं काकांच्या. पिळता पिळता चादरीचा दोर झाला होता, पाण्याची धार नुकती लागली होती, तेवढ्यात काका सहज बोलल्यासारखे बोलले, "नदीकाठच्या त्या ओट्याच्या पाटीवर गिरणीमालकाचं नाव कशाला टाकताय गं?"

"ओटा त्यांनीच बांधला ना."

"कोण म्हणतं? मिस्त्री तर व्याख्यानात म्हणाले, त्यांच्या आईनं आणि धुणं धुणाऱ्या बायांनी बांधला. डोक्यावरून दगड वाहिले. मालकानं उलट काम थांबवायला मुकादम धाडला होता. ते ऐकताना वाचनालयाची सगळी माडी गप्प झाली होती. तू कुठे होतीस?"

काकूंच्या हातातलं टोक सुटलं. चादर बादलीत पडली, अर्धी पिळलेली, अर्धी तशीच.

कुठे होत्या ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. चहा करत होत्या.

वाचनालयाच्या माडीवर गेली अडीच वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाचं व्याख्यान असे. बोलणारे गावचेच. कधी म्हातारा नावाडी, कधी सुईण, कधी घड्याळजी. ज्याला जे माहीत ते त्यानं सांगायचं आणि काकूंनी जाड वहीत उतरवून घ्यायचं. अक्षर मोत्यासारखं, म्हणून नावच पडलं वहीवाल्या काकू. चहाही त्यांच्याकडेच, कारण बाकीच्यांचा चहा पाणचट होतो असं त्याच एकदा बोलून बसल्या होत्या. भाषण रंगात आलं की त्या उठत, मागच्या खोलीत आधण ठेवत, दहा मिनिटांनी परत येत. मधलं जे निसटे ते घरी देवापुढे दिवा लावून झाला की भरून काढत. विणताना सुटलेला टाका पुढच्या ओळीत उचलावा, तसं. यात काही खोटं आहे असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी मिस्त्री नदीकाठच्या धुण्याच्या ओट्यावर बोलले. काकू उठल्या तेव्हा मिस्त्री दगड कुठून आणला ते सांगत होते. परत आल्या तेव्हा लोक नाक पुसत होते. काकूंना वाटलं, सर्दीचे दिवस. ओटा कुणी बांधला हे राहिलंच होतं. गिरणी शेजारी, म्हणजे मालकानंच. लिहून टाकलं.

आणि उद्या त्या ओट्यावरच्या पाटीचा पडदा मिस्त्रींच्याच हातून सरकणार होता. मिस्त्रींना आता दिसत नाही. पाटी कुणीतरी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार.

काकूंनी वही पिशवीत टाकली आणि तशाच ओल्या पदरानं निघाल्या. वाटेत देवळापाशी हात जोडायचे, तेही अर्धेच जोडले गेले.

मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त हेडसर, अंगणात वर्तमानपत्र पसरून नखं कापत होते. त्या महिन्यात ते लेकीकडे गेले होते, मिस्त्रींचं भाषण त्यांनी ऐकलंच नव्हतं.

"सर, पाटीवरचं चुकलंय."

"वहिनी, वहीतून उतरवलंय. वहीत चूक कशी असेल?"

"वही मी लिहिते."

"म्हणून तर. पाटीच्या मजकुरावर मंडळाच्या सहा जणांनी न वाचताच सह्या केल्या, वहीचं पानही उघडलं नाही. म्हणाले, काकूंनी लिहिलंय, बघायचं काय त्यात."

"मी तेव्हा चहा करत होते."

"बरं, एकदा झालं असेल."

"दर वेळी."

सरांची कात्री थांबली. "अडीच वर्षं?"

"अडीच वर्षं."

"मग जुन्या पुलाचं ते..."

"मधलं माझं आहे."

"ते मी शाळेत मुलांना सांगून आलो, वहिनी." सर बराच वेळ वर्तमानपत्रावरची नखं गोळा करत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "पुलाचं नंतर बघू. पाथरवट आज तीनला छिन्नी लावणार आहे. नुसतं हे नको म्हणून तो थांबायचा नाही, काय कोरायचं ते हातात द्या. आणि हे मिस्त्रींना तुम्हीच सांगायचं. मला जमणार नाही."

मिस्त्रींच्या घरी सून उद्यासाठी पांढरा सदरा इस्त्री करत होती. मिस्त्री खाटेवर बसले होते, बोटांनी भिंतीचा गिलावा चाचपत. काकूंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसल्या असत्या तर सांगवलं नसतं.

इस्त्री थांबली. मिस्त्रींची बोटंही.

"वाचा," ते म्हणाले.

"काय?"

"जे लिहिलंत ते."

काकूंनी पिशवीतून वही काढली आणि वाचलं. गिरणीमालकाच्या औदार्यानं हा ओटा उभा राहिला. औदार्य हा शब्द लिहिताना त्यांना फार बरं वाटलं होतं.

"मुकादमानं आईच्या डोक्यावरचा दगड खाली पाडला होता," मिस्त्री म्हणाले. "पायाचं बोट गेलं. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत बोललो, ताई. आणि तुम्ही नव्हता." मग बोटं पुन्हा गिलाव्यावर ठेवत म्हणाले, "चहा मात्र चांगला होता."

काकूंना हसू येईना, रडूही येईना.

"बारा जणी होत्या, आईला धरून. घ्या लिहून."

काकूंनी वहीतलं कोरं पान फाडून त्यावर लिहिलं. एकेक नाव म्हणून दाखवलं, दोनदा, त्यांची मान हलेपर्यंत. अकराव्या नावाशी मिस्त्री अडले. "तिला आम्ही उंचबाई म्हणायचो. खरं नाव नाही आठवत."

"मग मी..." काकूंच्या लेखणीचं टोक कागदाला टेकलं होतं. जिभेवर एक नाव आलंही होतं, त्या काळच्या बाईला शोभेल असं.

"उंचबाईच लिहा," मिस्त्री म्हणाले.

उंचबाईच लिहिलं. मग बारावं, त्यांच्या आईचं.

"एवढी मावतील का हो दगडावर?" सुनेनं विचारलं.

"बारीक कोरायला सांगते."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच होऊन गेले होते. घरी चादर बादलीत आंबत असणार. काकूंनी कागदाची घडी मुठीत धरली, चपला पायांत अडकवल्या. तीनच्या आत पाथरवटाकडे पोचायचं होतं.