टँगनींच्या थडग्यातली एक जागा

नोनी टँगनीच्या नावावर आयुष्यभर काही नव्हतं. शेत आधी बापाच्या नावावर होतं, मग बॅट या तिच्या भावाच्या, आणि बॅट गेल्यावर कॉर्कला राहणाऱ्या पुतण्याच्या. सायकल आणि कोंबड्या तेवढ्या तिच्या. ती तेरा वर्षांची असताना आई गेली. त्याच आठवड्यात शाळा सुटली आणि ती चुलीपुढे उभी राहिली, ती साठ वर्षं. दोन पुरुषांचे बटाटे उकडले, दर शनिवारी पाव भाजला, बापाचं आणि नंतर भावाचं शेवटचं आजारपण काढलं. एकदा तिचं लग्न जमत आलं होतं. बॅट म्हणाला, मग घरचं कोण बघणार, आणि ते तिथंच राहिलं. हे तिने मला गूजबेरीची देठं खुडता खुडता सांगितलं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं.

मी लग्न होऊन ग्लानबेगला आले त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून आमची घरं समोरासमोर.

तिला एकच गोष्ट हवी होती. किलब्राकच्या जुन्या दफनभूमीत, टँगनींच्या थडग्यात, आईशेजारी जागा. त्या थडग्यात आता एकच पेटी मावणार होती. दफनभूमी नव्या लोकांना केव्हाच बंद झालेली. ज्यांची घराणी तिथं आहेत त्यांनाच आत घ्यायचं, आणि कोण कुठल्या थडग्यात जाणार हे समिती माणूस जिवंत असतानाच वहीत लिहून ठेवायची. मयताच्या दिवशी भांडणं नकोत म्हणून.

नोनीने नाव दिलं आणि फ्लरी टँगनीने हरकत घेतली. फ्लरी सत्तरीचा, डोंगराच्या वरच्या अंगाला राहणारा, दुसऱ्या टँगनी घरातला. त्याला तीच जागा हवी होती. त्याचं म्हणणं, खालच्या घरातले टँगनी मुळात टँगनी नव्हतेच. नोनीचा पणजोबा खांद्यावर पिशवी टाकून कुठूनसा आला आणि इथलं नाव लावून बसला. त्यांची माणसं त्या थडग्यात गेली ती फ्लरीच्या आजोबाच्या भलेपणामुळे. हे तो दुकानात सांगायचा, दूध घालायला गेल्यावर सांगायचा, रविवारी चर्चच्या भिंतीला टेकून सांगायचा. शेवटी नोनीला तोंडावरच म्हणाला, "तू बाई चांगली आहेस गं. पण तुझं नाव म्हणजे उसना कोट. इतकी वर्षं घातलास, कोणी परत मागितला नाही इतकंच."

"कोट कुणाचा ते बघते मी," नोनी म्हणाली.

गाडी माझी होती, म्हणून मी बरोबर. आधी ट्रलीच्या वाचनालयात जमीन-घरांच्या जुन्या याद्या पाहिल्या. खालचं घर एका यादीत डॅनियल टँगनीचं होतं, वीस वर्षांनंतरच्या यादीत मायकल टँगनीचं. दोघांचं नातं काय ते यादी सांगत नव्हती. मग नोनी पाद्रीबाबांकडे गेली. त्यांनी तिला लग्नांचं आणि बाप्तिस्म्याचं जुनं पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढून दिलं. अट एकच, जवळ शाई आणि चहा ठेवायचा नाही. तीन गुरुवार ती तिथं बसली.

तिसऱ्या गुरुवारी सापडलं. १८५९ साली मायकल क्रेमिन, छपरं शाकारणारा, याचं डॅनियलच्या एकुलत्या मुलीशी, जोन टँगनीशी, लग्न झालं आणि तो त्या घरात राहायला आला. पहिली दोन मुलं क्रेमिन म्हणून लिहिलेली. मग पाद्री बदलला, आणि तिसरा मुलगा, म्हणजे नोनीचा आजोबा, टँगनी झाला. खोटं कोणीच बोललं नव्हतं. आमच्याकडे घरजावयाला लोक घराच्याच नावाने हाक मारतात. नव्या पाद्र्याने विचारलं असेल, पोर कुणाचं, आणि जे ऐकलं ते लिहिलं.

म्हणजे फ्लरीचं खरं होतं. परतताना नोनीने पुलापाशी गाडीची काच खाली केली. मग म्हणाली, "छपरं शाकारायचा म्हणे. आणि आमच्या बॅटला गोठ्याचा पत्रा बसवता यायचा नाही."

मी सुचवलं की ते पान दाखवायची गरज नाही. समितीतलं कोणी पुस्तक बघायला जाणार नव्हतं.

"फसवून घेतलेल्या जागेत मला झोप लागेल का?" ती म्हणाली.

बैठक शाळेत झाली. समितीत पाच माणसं, अध्यक्ष निवृत्त शिक्षिका कलटीबाई. नोनीने उतरवून आणलेलं पान स्वतःच वाचून दाखवलं. फ्लरी खुर्चीत मागे रेलला.

"मी काय म्हणत होतो? क्रेमिन."

"नवरा क्रेमिन, बायको टँगनी," नोनी म्हणाली. "थडग्याच्या दगडावर पहिलं नाव तिचं आहे. जाऊन वाच."

"नाव बापाकडून येतं, नोनी. हक्कही बापाकडूनच."

"चालेल की. तसा नियम करा, सगळ्यांना लागू करा." तिने पानाची घडी घातली. "मी फक्त माझं पान उतरवून आणलंय. पण पुस्तक जाडजूड, माझं पान मिळेपर्यंत सगळं चाळावं लागलं."

एकाने उगाच खिडकी लावली. कधी ना कधी घरजावई आला नाही अशी घरं आमच्या भागात मोजकीच, आणि त्यांतली कुठली कुठली हे आता एकट्या नोनीला माहीत होतं. कलटीबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या की आईकडून आलेला हक्क किलब्राकमध्ये पहिल्यापासून मानतात, निदान त्यांच्या आठवणीत तरी. ही आठवण त्या दिवसापर्यंत कोणालाच झाली नव्हती. वहीत नोनीचं नाव चढलं. फ्लरीने टोपी उचलली आणि गेला.

घरी येताना मी विचारलं, फ्लरीच्या घराचं काय निघालं?

"त्यांच्याकडे काही नाही. सगळे मुलगे, सगळे टँगनी," नोनी म्हणाली. "पण त्याला कुठं माहिताय?"

त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, ती गेली. थडगं आमच्याकडे शेजारी खणतात. मयताच्या रक्ताच्या माणसाने फावड्याला हात लावायचा नसतो. फ्लरीने चाळीस वर्षांत इथली बहुतेक थडगी खणलेली, त्यामुळे तो सकाळी सवयीने फावडं घेऊन आला. माझ्या नवऱ्याने आणि इतर तिघांनी त्याला जागा करून दिली. तो कडेला आला, वाकून दगडावरचं पहिलं नाव वाचलं. मग फावडं माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं.

"धार बरी आहे याची," म्हणाला, आणि भिंतीपाशी जाऊन नोनीच्या पुतण्याशेजारी उभा राहिला.